रिकाम्या हंड्याचा पहिला नंबर

फारूखभाईंच्या दुकानातनं नवीन गिऱ्हाईक बाहेर पडलं की हमखास हसतं. बोअरची मोटार दुरुस्त केली, चालू करून दाखवली, तरी हा माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघून विचारणार, "बरोबर हाय ना?" कुणाला पत्ता सांगितला तरी तेच. चहावाल्याचे कप परत दिले तरी तेच. मागं त्या नव्या टॉवरमधल्या एका मॅडमनी मला विचारलं, "आशामावशी, ते चाचा जरा विसराळू आहेत का हो?" मला असा राग आला! म्हणलं, "बाई, आख्ख्या गल्लीचे हंडे ह्या माणसाच्या डोक्यात रांगेनं बसलेले असायचे. विसराळू म्हणू नका." मॅडम गप लिफ्टमध्ये गेल्या. मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला जाते, नायतर अजून दोन शब्द ऐकवले असते.

पण विचारलंच हाय कुणी, तर सांगते.

आम्ही मूळचे पिशोरचे. माझ्या फकिराचे वडील गवंडी. शहर वाढायला लागलं, दौलताबाद रोडला बंगल्यांची कामं निघाली, तव्हा आम्ही पडेगावात येऊन गुंठाभर तुकड्यावर पत्रे टाकले. तव्हा औरंगाबाद म्हणायचे, आता संभाजीनगर म्हणतेत. पाण्याची बोंब तीच. आमच्या गल्लीत नळच नव्हता. त्यात आला दोन हजार बारा-तेराचा दुष्काळ. बोअर आटले. टँकर यायचा तो दिवसाआड, तोही त्याच्या मर्जीनं. तिकडं फकिराचे वडील नव्या बंगल्यांच्या भिंतींवर पाइपानं पाणी मारायचे, अन् इकडं मी एका हंड्यासाठी बायांच्या झिंज्या धरायची. खोटं कामून बोलू? भागूबाईच्या अन् माझ्या भांडणात माझ्या बांगड्या फुटल्या, तिच्या हंड्याला पोचा पडला, अन् पाणी गेलं मातीत.

तव्हा फारूखभाई मधे पडले. कोपऱ्यावर त्यांचं दुकान, तिथूनच ते आमचा तमाशा रोज बघायचे. लंगडत लंगडत आले, हात जोडले अन् म्हणाले, "नक्को बाई, नक्को. पाणी कमी हाय, इज्जत तरी राहू द्या." त्यांनी नियम लावला. घरांचा क्रम ठरला. टँकर ज्या घरापाशी संपेल, तिथूनच पुढच्या खेपेला सुरू. ज्याचा हंडा रिकामा राह्यला, त्याचा नंबर पहिला. साधी गोष्ट, पण कुणी पाळायला लावील तर ना! ते पाळायला लावायचे. टँकर आला की हातातला पाना खाली ठेवून यायचे अन् नावं सांगायचे. कुठं लिहिलेलं नसायचं. भागूबाईनं कितीदा चलाखी केली, कितीदा माहेराहून आलेल्या भाचीचा हंडा मधेच घुसवला, फारूखभाई नुसते म्हणायचे, "हा हंडा नवा हाय." भागूबाई गुपचूप उचलायची.

एकदा टँकर त्यांच्याच घराशी येऊन संपला. सगीराभाभी, म्हणजे त्यांची बायको, घागर घेऊन उभी. घरात पाहुणे. मी म्हणलं, "भाभी, माझ्यातलं अर्धं घ्या." फारूखभाई म्हणाले, "नक्को, उधारीवरपण नक्को. नंबर नंबर हाय." भाभी रिकामी घागर घेऊन माघारी गेली. त्या दिवसापासनं शेजारच्या गल्लीतल्या बायासुद्धा त्यांना नंबर लावायला बोलवायला लागल्या. पंचाला मिळत नाय असा मान त्या माणसाला होता. दुकानाच्या पाटीवर पोरांनी खडूनं लिहिलं होतं, फारूख नंबरवाले. त्यांनी ते पुसलं नाय. आवडायचं त्यांना, मला माहीत हाय.

हा माणूस तसा दौलताबादचा. वडील किल्ल्याखाली पर्यटकांना सीताफळं विकायचे. फारूखभाई तरुणपणी छावणीतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळायचे, लई चांगले खेळायचे म्हणे. मग गुडघा गेला, मोटारीचं काम शिकले, पण बॉल काय सुटला नाय. पडेगावच्या मागं तव्हा मोकळं माळरान होतं. आता तिथंच तो टॉवर हाय. त्या माळावर त्यांनी पोरं गोळा केली. कंपनीत हेल्परकी करणारं एखादं, कॉलेजात जाणारं एखादं, अन् नुसतीच हिंडणारी बाकीची. माझा फकिरा वाळूजच्या कंपनीतनं सुटला की डबा घरात फेकून माळावर पळायचा. बँकेतल्या साहेबांचा हिमांशू होता. अन् फारूखभाईंचा एकुलता एक याह्या. पोरगं काय देखणं खेळायचं! मला फुटबॉलमधलं काय कळतंय, पण याह्याच्या पायात बॉल आला की माझंसुद्धा पीठ मळायचं राहायचं.

आता फुटबॉलमध्ये खेळ बरोबरीत सुटला, की दोन्हीकडची पाच-पाच पोरं एकेक करून गोलकीपरच्या समोर बॉल मारतेत. त्याला पेनल्टी म्हणतेत. पोरं त्याच्यावरून भांडायची, मी आधी, मी आधी. कुणीतरी बोललंच, "याह्या काय, उस्तादाचा पोरगा, त्याला पाहिजे तव्हा मिळणार." फारूखभाईंना ते झोंबलं. त्यांनी टँकरचा नियम माळावर नेला. म्हणाले, "इथंपण नंबर. ज्याची बारी राहून जाईल, पुढच्या खेपेला तो पहिला." पोरं हसली, पण कबूल झाली. आख्ख्या पडेगावाला तोच एक नियम पटलेला होता.

त्या उन्हाळ्यात छावणीकडं मोठी स्पर्धा झाली. आमची पोरं सेमीफायनलला पोचली, तिथं बरोबरी झाली अन् पेनल्टीवर गेलं. फकिरा पहिला होता, त्यानं गोल केला. याह्या पाचवा होता. पण समोरच्यांनी इतके बॉल वाया घालवले, की याह्याची बारी यायच्या आधीच आपण जिंकलो. पोरं नाचत आली, अन् याह्याला चिडवायला लागली, "याह्याचा हंडा रिकामा!" फारूखभाई हसून म्हणाले, "मग फायनलला त्याचा पहिला नंबर." गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं.

फायनलला आम्ही बायासुद्धा गेलो. मी अन् सगीराभाभी मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसलो, मधे शेंगदाण्याचा पुडा. ऊन असलं की जमीन तापलेल्या तव्यासारखी. शेवटपर्यंत एक-एक बरोबरी, परत पेनल्टी. छावणीच्या पोरांनी लई गलका केला. पंचानं शिट्टी वाजवून विचारलं, पहिला कोण?

याह्या बापाजवळ गेला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाय. आम्हाला फक्त त्याची पाठ दिसत होती, अन् भिजलेला शर्ट. फारूखभाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग मान वळवली अन् हाक मारली, "फकिरा! तू पहिला. तुझ्यावर भरोसा हाय मला."

हिमांशू म्हणाला, "चाचा, पण नंबर तर याह्याचा..."

"मला नंबर शिकवतो का?" फारूखभाई ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. हिमांशू खाली बघायला लागला. नंबरच्या बाबतीत त्या माणसाशी वाद घालायची कुणाची टाप होती?

अन् मी काय केलं? मी भाभीच्या मांडीवर चापट मारून म्हणलं, "बघा! जिंदगीत पहिल्यांदा नंबर मोडला, तो माझ्या पोरासाठी!" माझी छाती अशी फुगली होती. भाभी पुड्यातला एक शेंगदाणा घेऊन सोलत बसली, सोललेला खाल्लाही नाय. मला वाटलं, जळली.

फकिरा ताठ चालत गेला. बॉल ठेवला, मागं वळून एकदा फारूखभाईंकडं बघितलं, अन् जी लाथ घातली! बॉल गोलाच्या दांडीवरून जो गेला, तो पार मागच्या बाभळीत. पहिलाच वार वाया गेला, मग पुढच्यांनीही घाबरून बॉल वाया घालवले. पाचव्याची, म्हणजे याह्याची, बारी यायच्या आधीच आम्ही हरलो. याह्याचा हंडा ह्या खेपेलाही रिकामाच राह्यला, पण ह्या वेळी कुणी त्याला चिडवलं नाय. सगळे चिडवायला फकिराकडं वळले.

हरणं काय, माणसं विसरतेत. पण लोकांनी वेगळंच धरून ठेवलं. ज्या माणसानं बायकोसाठी नंबर मोडला नाय, त्यानं फकिरासाठी मोडला, अन् ह्यानं माती खाल्ली. कंपनीच्या बसला उभा राह्यला की पोरं आभाळाकडं बोट करायची, "फकिरा, बॉल आला का खाली?" घरात तो जेवेना. मी म्हणायची, "अरे, बॉलच गेला ना, पाय तर जाग्यावर हाय?" तो म्हणायचा, "आई, तुला नाय कळायचं. चाचांनी माझ्यासाठी नंबर मोडला." तेवढंच एक वाक्य. आईच्या काळजाला घरं पडावीत अशा आवाजात ते बोलायचा.

अन् फारूखभाई? ते आमच्या घराकडं बघेनात. टँकर आला की नावं सांगायचे, पण आमचं नाव आलं की घाईघाईनं उरकायचे. मला वाटलं, रुसले. मी मनात म्हणलं, वा रे वा! पोरगं काय मुद्दाम चुकलं? एवढा भरोसा होता तर एक चूक पोटात घालता येत नाय? एकदा त्यांच्या दुकानावरून जाताना मी मुद्दाम थुंकले. हो, थुंकले. त्यांनी मान खाली घातली अन् मोटारीत स्क्रू फिरवत राह्यले.

मग तो मंगळवार आला. आदल्या खेपेला टँकर फारूखभाईंच्या दाराशीच संपला होता, म्हणजे आज पहिला नंबर त्यांचा. सकाळी टँकर आला तसं मी फकिराचं पांघरूण ओढलं. म्हणलं, "ऊठ. लोक काय गिळतेत का तुला? माझी कंबर गेली हंडे उचलून." आला बिचारा, दोन्ही हातात हंडे अन् नजर चपलेवर.

भागूबाईला एवढंच पाहिजे होतं. "आले गं बाई, आभाळात बॉल मारणारे! अरे, एवढा वर मारलास तर ढगाला एक भोक तरी पाडायचं होतंस! आम्हाला टँकरची वाट बघावी लागली नसती."

सगळी रांग हसली. माझ्या तोंडात शिवी आलीच होती, तेवढ्यात फारूखभाई बोलले.

"हसू नका."

ते टँकरच्या चाकाला टेकून उभे होते. तोंड असं उतरलेलं की मला वाटलं, चक्कर येतेय. म्हणाले, "त्याला हसू नका. तो बॉल त्याचा नव्हताच. नंबर याह्याचा होता. याह्या माझ्याकडं आला अन् म्हणाला, अब्बा, मेरे पाँव काँप रहे, मुझे नक्को. लोक काय म्हणतील, उस्तादाचा पोरगा चुकला, असं म्हणाला. मला सहन झालं नाय. मी माझं पोरगं मागं घेतलं अन् आशाबाईचं पुढं केलं."

टँकरच्या नळातनं थेंब गळत होते, एरवी त्याच्याखाली कुणीतरी लोटा धरला असता.

"पाण्यात पहिला नंबर म्हणजे नशीब," फारूखभाई म्हणाले. "तिथं पहिला नंबर म्हणजे सगळ्यांचे डोळे तुझ्यावर. मला ते माहीत होतं. मी खेळलोय. अन् वर त्याला म्हणलं, भरोसा हाय. नुसतं पुढं ढकललं असतं तरी चाललं असतं, पण मी गोड बोलून ढकललं. मला शरम वाटते बाई. रोज इथं उभा राहून तुमचे नंबर सांगतो, अन् मला माझीच शरम वाटते."

मी फकिराकडं बघितलं. त्यानं हंडे खाली ठेवले. लई हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "चाचा, बॉल मीच वर मारला. त्याचं काय नाय. पण नंबर माझा नव्हता हे मला तव्हाही माहीत होतं. मला वाटलं, नंबर मोडून तुम्ही मला निवडलं."

फारूखभाईंनी तोंडावर हात घेतला. एवढा बाप्या माणूस, बायांच्या रांगेसमोर रडायला लागला. मला काय वाटलं सांगू? राग आला, सणसणून आला. माझं पोरगं इतके दिवस उपाशी झोपलं ते ह्यांच्या लाडक्यासाठी! अन् त्याच दमात त्या शेंगदाण्याची आठवण आली. भाभीला तिथंच कळलं होतं. आईच ती, पोराची पाठ बघूनच ओळखलं होतं तिनं. अन् मी मूर्ख, छाती फुगवून बसले होते. लाज मलाही वाटली, पण ती गिळली.

टँकरवाल्यानं हॉर्न मारला. "चला हो, रडारड नंतर करा. मला अजून दोन गल्ल्या हायेत."

झालं! भागूबाईनं हंडा पुढं सरकवला, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. भांड्यांची आदळआपट सुरू. फारूखभाई तसेच उभे. मी ओरडले, "नंबर सांगा!"

"मी नाय सांगत आता," ते म्हणाले. "मला हक नाय."

"हक गेला चुलीत! शरम तुमची, अन् पाणी आमचं सांडायचं का? नंबर सांगा!"

त्यांनी डोळे पुसले. रांगेवरनं नजर फिरवली अन् म्हणाले, "आशाबाई पहिली."

माझं डोकंच फिरलं. "परत तेच? आज नंबर तुमच्या घराचा हाय, आख्ख्या गल्लीला माहीत हाय. माझ्या घरच्याला एकदा पहिलं लावलंत, तेवढं बास झालं! आम्हाला तुमची मेहरबानी नको. आमचा नंबर येईल तव्हा आम्ही भरू."

ह्या खेपेला भागूबाईनंसुद्धा हंडा मागं घेतला. आता फारूखभाईंची पंचाईत. आत्ताच सगळ्यांपुढं नाक कापून घेतलेलं, अन् आता स्वतःच्याच घराचं नाव पहिलं घ्यायचं. पण खरा नंबर तोच होता, काय करणार?

"सगीरा," ते म्हणाले.

मागनं कुणीतरी म्हणलं, "ऐकू नाय आलं."

"सगीरा पहिली!"

भाभी दारातच होती, ती हलली नाय. तिनं मागं वळून आत बघितलं. मग तिच्या बाजूनं याह्या बाहेर आला, ड्रम ओढत. दारामागनं सगळं ऐकलेलं दिसत होतं, कान लालबुंद. इतक्या बायांच्या डोळ्यांसमोरनं तो पहिला म्हणून चालत आला अन् पाइप हातात धरला. हात असे कापत होते की पाणी अर्धं ड्रममध्ये अन् अर्धं मातीत. एरवी लोटाभर सांडलं तरी ह्या गल्लीत आई-बहीण निघायची. त्या दिवशी कुणी ब्र काढला नाय.

मग फकिरा रांगेतनं निघाला. मला वाटलं, आता मारतो. त्यानं याह्याकडं बघितलंही नाय, नुसता पाइप दोन्ही हातांनी धरला, अन् दोघांनी मिळून ड्रम भरला. ते दोघं आजही एकमेकांशी फार बोलत नायत. लग्नाकार्याला जातेत, जेवतेत अन् येतेत. सगळं काय भरून येत नसतं.

ड्रम भरला. फारूखभाईंनी पुढचं नाव घेतलं, शांताबाईचं. आजपर्यंत नाव घेतलं की विषय संपायचा. त्या दिवशी त्यांनी नाव घेतलं अन् थांबले. रांगेकडं बघितलं, मग माझ्याकडं, अन् पहिल्यांदा विचारलं, "बरोबर हाय ना?"

मी पदरानं तोंड पुसलं अन् म्हणलं, "बरोबर हाय. पुढचा सांगा."